भिक्षू ह्युएनत्संग यांचे हिमप्रदेशातील अटन

अटनाचा विधी आपल्या आचारशास्त्रात वारंवार येतो. संन्यस्त साधकाने एका ठिकाणी रमू नये, परिचितांत गुंतू नये, पाय चालते ठेवावेत आणि देह परमार्थाच्या कामी झिजवावा, हा त्याचा ढोबळ आशय होय. या विधीचे विवरण करताना आपण शब्दार्थ सांगतो, प्रमाणे देतो आणि विषय पूर्ण झाला असे समजतो. परंतु अटन करताना देहावर प्रत्यक्ष काय बेतते, थंडी-वारा-हिम यांच्यापुढे निर्धार कसा टिकतो, वाटेत कोणास दिलेल्या शब्दाचे ओझे पुढे किती जड होते, याची कल्पना केवळ विवरणाने येत नाही. त्यासाठी चालणाऱ्यांची चरित्रे पाहावी लागतात. म्हणून या वेळी पंथाबाहेरील एका पुरुषाचे चरित्र वाचकांपुढे ठेवीत आहे. ते पुरुष मताने बौद्ध होते. त्यांचे सिद्धांत आपणास मान्य नाहीत व त्यांची चर्चा येथे कर्तव्यही नाही. पाहावयाचे आहे ते त्यांचे चालणे, आणि तेही विशेषेकरून हिमातले.

ह्युएनत्संग हे नाव शाळेच्या इतिहासात हर्षवर्धनाच्या प्रकरणात सर्वांनी वाचलेले असते. हर्षाच्या दरबारी आलेला चिनी प्रवासी एवढीच त्यांची ओळख बहुतेकांच्या मनात राहते. परंतु ते देश पाहण्यासाठी निघालेले प्रवासी नव्हते. ते शास्त्र शोधण्यासाठी निघालेले भिक्षू होते. त्यांच्या मागे त्यांचे शिष्य हुइ-ली यांनी चरित्र लिहिले व येन-त्सुंग यांनी ते पुरे केले. त्यांनी स्वतः सांगून लिहविलेला पश्चिमेकडील देशांचा वृत्तांतही उपलब्ध आहे. खालील कथन या दोहोंच्या आधारे केले आहे.

इ. स. ६०२ च्या सुमारास मध्य चीनमध्ये, लोयांग नगरापासून फार दूर नसलेल्या एका गावी, विद्वानांच्या कुळात त्यांचा जन्म झाला. वडील बंधू आधीच भिक्षू झाले होते. त्यांच्या मागोमाग बालवयातच ह्युएनत्संग विहारात दाखल झाले आणि ६२२ मध्ये त्यांची पूर्ण दीक्षा झाली. देशातील नामांकित आचार्यांपाशी त्यांनी अध्ययन केले. मात्र जसजसे अध्ययन वाढले तसतशी अस्वस्थताही वाढली. एकाच ग्रंथाची दोन भाषांतरे दोन भिन्न गोष्टी सांगत. आचार्य आपापल्या परंपरेचा अर्थ धरून बसत. मूळ ग्रंथ मिळवून मूळ भाषेत वाचल्याशिवाय हा संशय फिटणार नाही, असा त्यांचा निश्चय झाला. विशेषतः योगाचारभूमिशास्त्र संपूर्ण मिळवावे ही त्यांची उत्कंठा होती. ग्रंथाच्या पाठभेदांनी ज्याची झोप उडाली आहे अशा अभ्यासकाला ही अवस्था निराळी समजावून सांगण्याची गरज नाही. आपल्याकडे म्हाइंभटांनी लीळांचा संग्रह करताना ज्याने जे पाहिले-ऐकले त्याच्यापर्यंत जाऊन ते विचारून घेतले. तीच तळमळ येथेही दिसते.

त्या काळी चीनमध्ये तांग घराण्याचे राज्य नुकतेच स्थिर होत होते आणि सरहद्दीबाहेर जाण्यास प्रजेला मनाई होती. ह्युएनत्संग यांनी अनुज्ञा मागितली, ती मिळाली नाही. तरीही ते निघाले. परंपरेने हे वर्ष ६२९ मानले जाते. काही अभ्यासक ६२७ मानतात. दिवसा लपून व रात्री चालून त्यांनी सरहद्द गाठली. पहाऱ्याच्या बुरुजापाशी बाणांतून ते वाचले. वाटाड्याने मध्यरात्री सुरी उपसली व पुढे साथ सोडली. वाळवंटात पाण्याची पखाल हातून सांडली आणि चार रात्री व पाच दिवस पाण्याचा थेंब मिळाला नाही. पखाल सांडल्यावर ते काही अंतर मागे वळले होते. पण पूर्वेकडे एक पाऊलही टाकणार नाही ही आपलीच प्रतिज्ञा आठवून ते पुन्हा पश्चिमेस फिरले. शेवटी त्यांच्या म्हाताऱ्या घोड्याने गवताचा व पाण्याचा माग काढला. हा भाग पुष्कळांनी लिहिलेला आहे, म्हणून येथे विस्तार करीत नाही.

वाळवंट ओलांडल्यावर तुर्फानच्या खोऱ्यातील गाओचांगच्या राजाने त्यांना आग्रहाने आपल्या नगरीत नेले. या राजाचे नाव चू वेन-ताय. त्याची भक्ती मोठी होती. परंतु पुष्कळ श्रीमंत भक्तांच्या भक्तीत जो दोष असतो तो तिच्यातही होता. त्याला हा विद्वान भिक्षू कायमचा आपल्याजवळ हवा होता. विनंतीने भागेना तेव्हा त्याने धाक घातला की, येथे राहा, नाही तर तुमच्या देशी परत पाठवतो. ह्युएनत्संग यांनी अन्नपाणी वर्ज्य केले. तीन दिवस गेले आणि चौथ्या दिवशी श्वास मंदावलेला पाहून राजा शरण आला. राजमातेच्या समक्ष दोघांनी बंधुत्वाची शपथ घेतली. त्या वेळी दोन अटी ठरल्या. आता महिनाभर राहून भिक्षूंनी प्रवचन करावे, आणि भारतातून परतताना याच वाटेने येऊन तीन वर्षे गाओचांगमध्ये राहावे. ह्युएनत्संग यांनी दोन्ही मान्य केल्या. वाचकांनी ही दुसरी अट ध्यानात ठेवावी. पुढील सर्व कथेचा भार तिच्यावर आहे.

राजाने जे साहित्य दिले त्याची यादी चरित्रकारांनी जपून ठेवली आहे. शंभर लियांग सोने, तीस हजार चांदीची नाणी, रेशमी वस्त्रांचे पाचशे तागे, तीस घोडे, पंचवीस माणसे, सेवेसाठी चार श्रामणेर आणि वाटेतील राजांच्या नावे चोवीस पत्रे. वीस वर्षांच्या येण्याजाण्यास पुरावे असा त्याचा हिशेब होता. आम्हांस मात्र या यादीतील लहान वस्तू अधिक बोलक्या वाटतात. तोंड झाकण्याची आवरणे, हातमोजे, उंच पादत्राणे आणि पायमोजे. पश्चिमेकडील देश फार थंड, म्हणून राजाने ती मुद्दाम शिवून घेतली होती. ज्याने त्यांना अडविले, त्यानेच त्यांच्या बोटांना हिमबाधा होऊ नये याची चिंता केली.

येथे एखादा वासनिक विचारील की, घोडे, चाकर आणि रेशमाचे तागे घेऊन केलेले हे अटन कसले? प्रश्न योग्य आहे. एकाकी, अपरिचित देशात, केवळ भिक्षेवर चालणे हा आपला आदर्श आणि त्या मापाने हे चालणे उणे पडते. पण त्या वाटेवर राजांची पत्रे नसती तर तुर्क सरदारांच्या मुलखातून एकही ग्रंथ शोधणारा पार जाता ना. आणि पुढे जो डोंगर आला त्याने घोडे व चाकर यांचा हिशेब आपल्या पद्धतीने केला.

गाओचांगहून निघून ते कुचा येथे आले तेव्हा पुढील घाट हिमाने बंद होता. ह्युएनत्संग तेथे साठांहून अधिक दिवस थांबले. चरित्रलेखक हा मुक्काम एका वाक्यात संपवितात आणि मग तेथील वृद्ध पंडिताशी झालेल्या वादाचे वर्णन करतात. आमच्या मते हा मुक्काम वादापेक्षा मोलाचा आहे. जो तीन दिवस पाण्यावाचून राहून राजाला नमवितो, तो हिमापुढे दोन महिने मुकाट बसतो. माणसाचा हट्ट मोडता येतो, ऋतूचा मोडता येत नाही, हे त्यांस कळत होते. चालणाऱ्याच्या अंगी वेगाइतकेच थांबणेही असावे लागते, ही गोष्ट घाईने तीर्थे उरकणाऱ्या आजच्या यात्रिकाने पाहण्यासारखी आहे.

तरीही थांबणे पुरेसे झाले नाही. कुचा सोडून, अक्सूच्या परिसरातून वायव्येस जाऊन ते लिंगशान म्हणजे हिमगिरीच्या पायथ्याशी आले. ही तियान-शान पर्वताची ओळ होय. त्यांनी नेमका बेदेलचा घाट ओलांडला की मुझार्तचा, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहे. कोणताही घेतला तरी वाट हिमनदांच्या प्रदेशातून जाते. तेथील हिम सृष्टीच्या आरंभापासून साचलेले असून वसंतात किंवा ग्रीष्मातही विरघळत नाही, असे ह्युएनत्संग यांचे निरीक्षण. वर पाहिले तर पांढरेपण ढगांत मिसळते आणि त्याचा अंत दिसत नाही. कड्यांवरून निखळलेले हिमाचे सुळके वाटेवर आडवे पडलेले, काही शंभर शंभर फूट उंच. त्यांवरून चढावे, त्यांना वळसा घालावा, पुन्हा उतरावे. वाऱ्याबरोबर हिम उडून तोंडावर येई. दुहेरी जोडे व लोकरीचे कातडी कपडे घालूनही थरकाप थांबत नसे. निजावयास किंवा अन्न शिजवावयास कोरडी जागा कोठेच नव्हती. म्हणून भांडे टांगून शिजवावे आणि हिमावरच आसन पसरून पडावे.

या वाटेचे काही निर्बंध त्यांनी नोंदले आहेत. तांबड्या रंगाचे वस्त्र घालू नये, तुंबा बाळगू नये, मोठ्याने हाक मारू नये. तसे केल्यास पर्वतातील नाग क्रुद्ध होऊन वादळ उठवितात आणि वाळू-दगडांचा वर्षाव होतो, अशी तेथील लोकांची समजूत. नागाची गोष्ट सोडून दिली तरी हिमकडे कोसळणाऱ्या प्रदेशात आवाज न करण्याचा नियम डोंगराच्या जुन्या अनुभवातून आला असावा हे उघड आहे. तीसचाळीस माणसे आणि जनावरे यांची ती रांग सात दिवस बहुधा अबोल चालत राहिली असेल, असे मनात येते.

सात दिवसांनी ते पर्वताबाहेर आले. तोपर्यंत दहांतील तीन-चार माणसे उपासाने व थंडीने मरण पावली होती. बैल-घोडे त्याहून अधिक मेले. चरित्रात हे एवढेच आहे. मेलेल्यांची नावे नाहीत. त्यांतील बहुतेक गाओचांगचे शेतकरी किंवा राजाचे सेवक असतील. त्यांना योगाचारभूमीचा एक शब्दही ऐकण्याची उत्कंठा नव्हती, राजाज्ञा झाली म्हणून ते आले. कोणताही विचारी साधक या ठिकाणी अडखळतो. शास्त्रासाठी स्वतःचा देह पणास लावणे हे तप आहे. दुसऱ्याचा देह पणास लागला तर त्यास काय म्हणावे? ह्युएनत्संग यांना हा प्रश्न पडला की नाही हे चरित्र सांगत नाही. परंतु पुढे जन्मभर त्यांनी ज्या कष्टाने भाषांतरे केली, मध्यरात्रीपर्यंत दिवा जाळला आणि पहाटे पुन्हा लेखणी घेतली, त्या कष्टांचे मूळ केवळ विद्याप्रेमात शोधावे असे आम्हांस वाटत नाही.

घाटापलीकडे इस्सिक-कुल सरोवर आहे. ते खारे असून हिवाळ्यात गोठत नाही, म्हणून चिनी लोक त्यास उष्ण सरोवर म्हणत. तेथून सुयाब नगराजवळ पश्चिमी तुर्कांच्या खाकानाची भेट झाली. तो शिकारीस निघाला होता. अंगात हिरवा रेशमी झगा, केस मोकळे. गाओचांगच्या राजाचे पत्र व भेटी पाहून तो प्रसन्न झाला आणि त्याने भिक्षूंना एक विचित्र सल्ला दिला. भारत देश अति उष्ण आहे, तुमची नाजूक काया तेथे वितळून जाईल, तेव्हा जाऊ नका. नुकतीच जी काया हिमावर सात रात्री निजून आली होती तिच्याविषयी हे बोलणे झाले.

समरकंद, बाल्ख करीत ते बामियानला पोहोचले. तेथील डोंगरात कोरलेल्या दोन प्रचंड मूर्ती त्यांनी पाहिल्या. त्या २००१ मध्ये पाडण्यात आल्या. हिंदुकुशाच्या या पट्ट्यात त्यांना वाट हिमगिरीहूनही बिकट वाटली. बामियान सोडल्यावर दोन दिवसांनी हिमवृष्टीत रस्ता हरवला. एका लहान टेकाडापाशी शिकारी भेटले आणि त्यांनी वाट दाखविली. या शिकाऱ्यांचीही नावे नाहीत. कपिशा येथे वर्षावास करून ते भारतात उतरले.

भारतातील वास्तव्य सर्वज्ञात आहे. काश्मीरमध्ये दोन वर्षांचे अध्ययन झाले आणि मग नालंदा येथे वयोवृद्ध आचार्य शीलभद्र यांच्यापाशी योगाचारभूमीचे श्रवण. ज्यासाठी निघाले ते मिळाले. पुढे दक्षिणेत कांचीपर्यंत जाऊन ते इ. स. ६४१ च्या सुमारास आपल्या महाराष्ट्रातूनही गेले. पुलकेशीचे राज्य, उपकार स्मरणारी आणि अपमान न विसरणारी स्वाभिमानी माणसे, व पूर्वेकडील डोंगरातील एक विशाल लेणेविहार, जो बहुधा अजिंठ्याचा मानला जातो, यांची नोंद त्यांनी केली आहे. मराठी मुलखाचे परक्याने लिहिलेले इतके जुने वर्णन दुसरे क्वचितच असेल.

६४३ मध्ये कनौजची सभा व प्रयागचा दानोत्सव झाल्यावर ते परत निघाले. हर्षाने विचारले, कोणत्या वाटेने जाणार? दक्षिणेच्या समुद्रमार्गाने जात असाल तर सोबत दूत देतो. समुद्राची वाट त्या काळी चिनी भिक्षू वापरीत असत, आणि हिम, वाळवंट यांतील काहीच तिच्यावर नव्हते. बरोबर शेकडो पोथ्या होत्या आणि वय चाळिशी ओलांडलेले. तरीही ह्युएनत्संग यांनी उत्तरेची वाट मागितली. कारण त्यांनी स्पष्ट सांगितले. गाओचांगच्या राजाला परत येण्याचा शब्द दिला आहे, तो मोडता येत नाही.

हे उत्तर त्यांनी दिले तेव्हा तो राजा या जगात नव्हता. इ. स. ६४० मध्ये तांग सम्राटाचे सैन्य गाओचांगवर चालून गेले, त्याच सुमारास चू वेन-ताय वारला आणि त्याचे राज्य चीनमध्ये विलीन झाले. भारतात ही वार्ता पोहोचलेली नव्हती.

म्हणजे दुसऱ्यांदा हिंदुकुश ओलांडला गेला तो मेलेल्या माणसाला दिलेल्या वचनासाठी. वाटेत सिंधू नदी ओलांडताना वादळात नाव हेलकावली आणि पन्नास पोथ्या पाण्यात गेल्या. त्यांतील काहींच्या प्रती पुन्हा करवून घेण्यासाठी ते नदीकाठी पन्नासाहून अधिक दिवस थांबले. कपिशाच्या राजाने शंभरावर माणसे देऊन सरपण, दाणा-वैरण पुढे पोहोचविण्याची तजवीज केली. घोड्यावर बसणे अशक्य झाले तेव्हा सर्वजण काठी टेकीत पायी चढू लागले. चौदा दिवसांनी शंभरेक घरांचे एक गाव लागले, तेथे विसावा घेतला. मध्यरात्री उठून, डोंगरी उंटावर बसलेल्या एका गावकऱ्याला पुढे घालून ते निघाले. हिमाखाली दऱ्या व प्रवाह झाकलेले होते. स्थानिक माणूस पुढे नसता तर पुढचे पाऊल कोठे पडेल हे कळत नव्हते. या वेळी बरोबर सात भिक्षू, वीस-एक मजूर, एक हत्ती, दहा खेचरे आणि चार घोडे होते. पुढल्या शिखरावर सायंकाळी पोहोचले तेव्हा वाऱ्याने उभे राहवेना. पक्षीही तेथे उडून न जाता चालत शिखर ओलांडतात आणि पलीकडे गेल्यावर पंख उघडतात, असे त्यांनी नोंदले आहे. थोडे खाली सपाटी पाहून राहुट्या ठोकल्या आणि उजाडताच पुन्हा चालू लागले.

पहिल्या हिमगिरीचे आणि या दुसऱ्या पर्वताचे वर्णन शेजारी ठेवून वाचले तर एक फरक डोळ्यांत भरतो. दुसऱ्या खेपेस पायऱ्या मोजून टाकलेल्या आहेत. सरपण आधी पुढे पाठविले आहे, माहीतगार माणूस घेतला आहे, राहुटीची जागा पाहून ठेवली आहे. या चढणीत माणसे दगावल्याची नोंद चरित्रात नाही. पुढे पामीर ओलांडून ताश्कुर्गानच्या पलीकडे चोरांनी गाठले. व्यापारी डोंगरावर पळाले आणि पाठलागात बुजलेला हत्ती पाण्यात बुडून मेला. पण पोथ्या राहिल्या.

गाओचांगचा राजा गेल्यावर तिकडे वळण्याचे कारण उरले नव्हते. म्हणून ते दक्षिणेच्या वाटेने खोतान येथे आले. तेथून त्यांनी सम्राटाला विज्ञप्ती लिहिली. आपण अनुज्ञेवाचून गेलो हे तिच्यात मान्य केले. ही विज्ञप्ती नेण्यासाठी त्यांनी निवडलेला तरुण गाओचांगचा होता, हा योगायोग असो वा नसो. काही महिन्यांनी सन्मानाचे उत्तर आले. इ. स. ६४५ च्या आरंभी ते छांग-आन नगरीत पोहोचले. बरोबर ६५७ ग्रंथ होते, वीस घोड्यांवर लादलेले. बाहेर पडताना ज्याला लपावे लागले त्याला पाहण्यासाठी रस्त्यांवर एवढी गर्दी झाली की त्या दिवशी नगरात शिरणे कठीण झाले.

पुढील एकोणीस वर्षे भाषांतरात गेली. पंचाहत्तर ग्रंथ, तेराशेहून अधिक अध्याय. सम्राटाने राज्यकारभारात येण्यास सांगितले, ते त्यांनी नाकारले. मात्र त्याच्या इच्छेवरून पश्चिमेकडील देशांचा वृत्तांत ६४६ मध्ये पुरा करून दिला.

या काळातील एक नोंद बहुतेक चरित्रकार वगळतात. इ. स. ६५६ च्या उन्हाळ्यात उष्म्यामुळे ते गारव्यात बसले आणि जुना विकार उसळून प्राणांवर आले. राजवैद्य धावले, बरे वाटले. हा विकार कोणता? शिष्य लिहितात की, हिमगिरी व हिमशिखरे ओलांडताना त्यांस शीतविकार जडला होता. तो उठला की छाती दाटून येई, आणि कित्येक वर्षे केवळ औषधाने ते त्यास आवरून होते. म्हणजे जे हिम लोकांच्या दृष्टीने मागे राहिले होते, ते छांग-आनच्या विहारात, पोथ्यांच्या ढिगाऱ्यात, दर रात्री त्यांच्या छातीत होते. त्या स्थितीत त्यांनी महाप्रज्ञापारमितेच्या सहाशे अध्यायांचे काम अंगावर घेतले. ग्रंथ फार मोठा, थोडा संक्षेप करावा अशी शिष्यांची विनंती होती. तसा विचार त्यांच्याही मनात आला, पण दुःस्वप्ने पडू लागल्यावर त्यांनी तो सोडला आणि एकही ओळ न गाळता ६६३ मध्ये काम पुरे केले.

त्यानंतर बळ ओसरले. ६६४ च्या आरंभी, युहुआ येथील आपल्या कुटीच्या मागे पाण्याचा एक लहान पाट ओलांडताना त्यांचा पाय घसरला. नडगीची थोडी कातडी सोलली, एवढेच. त्या दिवसापासून ते अंथरुणास खिळले आणि महिनाभराच्या आत त्यांचा देह पडला.